खेडी शहराला ओझं? हिशेब उलटा आहे

वऱ्हाडातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘तालुक्याची शहरं खेड्यांच्या ओझ्यानं मेली. प्रत्येक शहरानं आपला पैसा, आपलं पाणी आपल्यापुरतं ठेवावं. समृद्धी महामार्ग आलाच आहे, बाकी आपोआप होईल.’ सहमत असाल तर पुढे पाठवा म्हणे. मी सहमत नाही.

आधी ओझ्याचं पाहू. अकोट, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर ही शहरं कापसावर मोठी झाली, आणि कापूस काही नगरपालिकेच्या वॉर्डात पिकत नाही. बाजार समितीची फी, अडत्याची अडत, जिनिंगमधली मजुरी, कृषी केंद्राचा धंदा, लग्नसराईतलं कापड-सोनं, सगळं खेड्यातून येतं. कपाशी हातची गेली त्या वर्षी दिवाळीत मेन रोडवरच्या दुकानदाराला विचारा, ओझं कोणाचं कोणावर होतं ते. इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीवाल्यांना हे कळलं होतं. त्यांनी यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर अशी सुमारे 190 किलोमीटरची शकुंतला रेल्वे टाकली, ती या गावांना एकच कापूसपट्टा समजून. आज तोच पट्टा चार जिल्ह्यांत विभागलाय. गाडी बंद पडली तेव्हा एकट्या शहराचा आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत पोचणार कसा?

‘आपलं पाणी’ हा शब्द तर खारपाणपट्ट्यात वापरूच नये. पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारलं तर खारट पाणी लागतं. गोडं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून येतं. शहानूरचं पाणी अंजनगाव-दर्यापूरसोबत दीडशेवर खेडी पितात, वान धरणावर 84 खेडी योजना आहे. शहर वेगळं काढलं म्हणून पाइपलाइन स्वस्त होत नाही, उलट खर्च वाटून घ्यायला माणसं कमी होतात. हो, भांडणं आहेत. वानचं पाणी अकोला शहराला द्यायला तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि तो बरोबरच होता. धरण भरलं म्हणून सिंचनाचं पाणी न विचारता उचलायचं, याला सहकार्य म्हणत नाहीत बाप्पा.

समृद्धीबद्दल थोडक्यात. 701 किलोमीटरचा हा रस्ता अकोला जिल्ह्यातून जातच नाही, आणि जिथून जातो तिथंही इंटरचेंजशिवाय वर चढता येत नाही. समृद्धी गाठायची तर अकोटची गाठ आधी कारंजाकडच्या रस्त्याशी आहे. तो कोण नीट करणार?

मेसेजखाली एकानं लिहिलंय, ‘शहरं-खेडी एकत्र आणायला कायदाच नाही.’ आहे. 74व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गोष्टी, त्यात पाण्याची वाटणीही, एका आराखड्यात बसवणं हे तिचं काम. आपल्याकडे तिची बातमी येते ती निधी किती मिळाला आणि किती खर्च झाला एवढीच.

खरी अडचण वेगळी आहे. अकोट अकोला जिल्ह्यात, शेजारचं अंजनगाव अमरावतीत. नियोजन समिती जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. हद्दीपलीकडचं पाहू शकणाऱ्या विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. विभागीय आयुक्त मात्र दोन्ही जिल्ह्यांना एकच, अमरावतीला बसणारे. पाणी, रस्ते आणि बाजार यांवर दोन्ही जिल्ह्यांच्या नगराध्यक्षांची, सभापतींची संयुक्त बैठक त्यांच्याकडे मागता येते. मेसेज पाठवायचाच असेल तर तो त्यांना पाठवा.