मालकाचं उत्तर: "५० दाखवलं, ४५ निघालं" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला

सर, नमस्कार.

आमच्या एक्स-रे बघण्या-मोजण्याच्या सॉफ्टवेअरवरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री आधी बायकोने वाचला. आमचे हिशेब तीच बघते. काही न बोलता तिने मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. ऐन ऑपरेशनच्या वेळी तुमच्या डोक्याला ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रात्री ९:४० ला तुम्ही केलेला फोन उचलला गेला नाही, त्याचीही माफी. त्या वेळी मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात टेबलाखाली आडवा होऊन लॅनची वायर बदलत होतो आणि मोबाइल वर चार्जिंगला होता. पण फोन उचलायला दुसरं कुणीतरी हवं होतं, हे तुमचं बरोबर आहे.

आता बाकीचं. तुमचे मुद्दे चार: स्क्रीनवर बटणांचं जंगल आहे, तुम्ही काढलेले बाण पेशंटच्या सीडीवर दिसले नाहीत, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नावाखाली दरवर्षी पैसे उकळतात, आणि चौथा, "यांच्या सॉफ्टवेअरला साधं मोजताही येत नाही, फीमरचं हेड ५० दाखवलं, टेबलावर ४५ निघालं." (हेड म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं, आकडे मिलिमीटरचे.) पहिल्या तिन्हींवर चार शब्द ऐकून घेईन. चौथ्याने झोप लागू दिली नाही, म्हणून पहाटे उठून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

ती फाइल मी पाहिली. सपोर्टसाठी तुमच्या सिस्टरनेच पाठवली होती, पेशंटचं नाव झाकून. फ्रॅक्चर नेक फीमर, म्हणजे हाडाची मान मोडलेली. बायपोलर करायचं होतं, म्हणजे ते हेड काढून त्याच मापाचं कृत्रिम बसवायचं होतं, म्हणून तुम्ही चांगल्या बाजूच्या हेडवर वर्तुळ टाकून माप घेतलंत. वर्तुळ अगदी कडेला कडा लावून बसवलंय, त्यात खोट काढायला जागा नाही. खोट दुसरीकडे आहे.

एक्स-रे म्हणजे सावली, हे तुम्हाला मी सांगावं एवढी माझी लायकी नाही. पण हा रिव्ह्यू वाचणारे सगळेच ऑर्थोपेडिक नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. लहानपणी लाइट गेली की आम्ही कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरीण काढायचो. हात कंदिलाकडे सरकला की हरणाचा रेडा व्हायचा. इथेही तसंच. तुमच्याकडे एक्स-रे सोडणाऱ्या ट्यूबपासून चित्र टिपणारं पॅनेल १०० सेंटीमीटरवर आहे. पेशंट उताणा झोपला की हिपचा सांधा पॅनेलच्या साधारण १५ सेंटीमीटर वर येतो. १०० भागिले ८५, म्हणजे जवळजवळ १.१८ पट. ४५ चं हेड पॅनेलवर ५३ चं पडणार. यात मशीनचा दोष नाही, माझाही नाही.

याच्यासाठीच तो २५ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा असतो. वाकणाऱ्या दांडीवरचा, इन्स्टॉलेशनच्या दिवशी मी स्वतः तुमच्या एक्स-रे रूममध्ये दिला होता. तो मांडीजवळ, ग्रेटर ट्रोकॅन्टरच्या (मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या) उंचीला धरायचा. मग हेड जेवढं फुगतं तेवढाच गोळाही फुगतो, सॉफ्टवेअरला "हा गोळा २५ चा आहे" असं सांगितलं की ते सगळं चित्र त्या मापात आणतं. गोळा त्या उंचीला असता तर पॅनेलवर २९ च्या वर दिसला असता. तुमच्या फाइलमध्ये तो २६ आणि थोडं असा दिसतोय. म्हणजे पॅनेलपासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर होता. म्हणजे टेबलावर, गादीशेजारी ठेवलेला होता.

आता हिशेब करा. २६ ला २५ धरलं की ५३ चे होतात ५०. तुम्ही लिहिलेला आकडा तोच आहे. सॉफ्टवेअरला जे सांगितलं, त्यावरून त्याने उत्तर काढलं.

टेक्निशियनच्या पोराला मी दोष देत नाही. मी स्वतः ९ वर्षं एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक्स-रे काढलेत, डार्करूममध्ये हायपोच्या वासात उभं राहून. हिप मोडलेली म्हातारी कण्हत असते, तिच्या मांडीशी गोळा न्यायला गेलं की नातेवाईक "अहो, आधी दुखायचं बघा" म्हणून अंगावर येतात. मग माणूस गोळा टेबलावर ठेवतो आणि एक्स्पोजर देऊन मोकळा होतो. पण मी ज्याला शिकवलं होतं तो मुलगा तुमच्याकडून सोडून गेला, आणि नवीन मुलाला दाखवायला बोलावलंच नाही. ट्रेनिंगच्या दिवशी तुम्हीही बसला होतात, पण दहाव्या मिनिटाला कॅज्युअल्टीतून फोन आला आणि तुम्ही "बाकीचं बघून घेतो" म्हणून गेलात. जावंच लागतं, तक्रार नाही. गोळ्याचा भाग पंधराव्या मिनिटाला होता, एवढंच.

शिवाय गोळा बरोबर धरला तरी टेम्प्लेटिंगमध्ये, म्हणजे ऑपरेशनआधी एक्स-रेवर साइज ठरवण्यात, एखादा साइज इकडेतिकडे होतोच. शेवटचा शब्द काढलेलं हेड गेजमध्ये घालून बघण्याचा, आणि तो तुम्ही घेतलात. डीलरच्या बॉक्समध्ये ४५ होता, पेशंट ठीक आहे, हे तुम्हीच लिहिलंय. वाचून मला किती हायसं वाटलं, ते सांगत नाही.

आता माझी चूक. वर्तुळ टाकण्याआधी सॉफ्टवेअरने विचारायला हवं होतं: गोळा हाडाच्या उंचीला होता का? तो २६ सारखा लहान दिसत असेल तर लाल अक्षरात थांबवायला हवं होतं. ते आमच्याकडे नाही. माझा भाचा कोड लिहितो, त्याला काल रात्रीच झोपेतून उठवून सांगितलंय. पुढच्या अपडेटमध्ये बहुतेक येईल. तारीख देत नाही, कारण मागच्या वेळी दिली होती.

बाणांचं. तुम्ही बाण काढता, "इथे बघा" लिहिता, ते आम्ही मूळ चित्रावर कोरत नाही, मुद्दामच. उद्या कोर्टकचेरी झाली तर मूळ एक्स-रे जसाच्या तसा राहिला पाहिजे. म्हणून खुणा वेगळ्या फाइलमध्ये राहतात, चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तशा. डायकॉममध्ये (वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये) याची रीतसर सोय आहे, पण समोरच्या डॉक्टरकडचा व्ह्यूअर तो कागद वाचत नसेल तर त्याला नुसता एक्स-रे दिसतो. तुमच्या पेशंटने सीडी दाखवली त्या पुण्याच्या डॉक्टरांकडे नेमकं तेच झालं असणार. सीडी काढताना "खुणांसह" अशी एक टिक आहे, ती केली की खुणा कोरलेली जादा प्रत जाते. ती टिक खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात आहे. मलाही चष्मा लागतो. वर आणतो.

बटणांचं जंगल म्हणालात ते मान्य, पण ते कुणी लावलं तेही सांगतो. रेडिओलॉजिस्टना जुना आणि नवा सीटी शेजारी शेजारी ठेवून एकत्र सरकवायचा असतो. छातीच्या डॉक्टरांना सहा महिन्यांपूर्वीची गाठ किती वाढली ते बघायचं असतं. न्यूरोसर्जनना मेंदूची मिडलाइन, म्हणजे मधली रेषा, किती मिलिमीटर सरकली ते अर्ध्या मिनिटात हवं असतं, आणि तेही घरी, मोबाइलवर, रात्री. मणक्याच्या डॉक्टरांना कॉब अँगल, म्हणजे पाठीच्या बाकाचा कोन. कुणाला फुप्फुसाची विंडो (फुप्फुस नीट दिसेल असा छटांचा पट्टा), कुणाला हाडाची. सीटीत चार हजार छटा असतात, साध्या स्क्रीनवर २५६, तेव्हा कुठल्या दाखवायच्या ते प्रत्येकाचं वेगळं. प्रत्येकाने "फक्त एक बटण" मागितलं. मी कुणालाच नाही म्हणालो नाही, कारण मिरजेसारख्या डॉक्टरांच्या गावात एकाला नाही म्हटलं की संध्याकाळपर्यंत चौघांना कळतं. तुम्हाला यातली सात-आठच लागतात. ऑर्थोसाठी वेगळी स्क्रीन करायची डोक्यात आहे. हातात ग्लोव्ह्ज असले की माउस हलवायला सिस्टरला सांगावं लागतं, हेही तुम्ही मागे बोलला होतात, विसरलो नाही.

एएमसीबद्दल इथे चारचौघांत काही बोलत नाही. फक्त "दरवर्षी" हा शब्द तेवढा तपासून बघा, सर. मागच्या वर्षीचं बिल तुमच्या ऑफिसात आहे, आणि तरीही आम्ही या वर्षात तीनदा येऊन गेलोय. बायको म्हणाली हे लिहू नका. लिहिलं.

"त्यापेक्षा फुकटचा व्ह्यूअर बरा" असंही म्हणालात. फुकटचे खरंच चांगले आहेत, घरच्या लॅपटॉपवर मीही वापरतो. पण गोळा टेबलावर ठेवला तर तेही ५० च सांगतील.

हे सगळं एवढं लांबवण्याचं कारण सांगतो. आम्ही चौघं आहोत: मी, बायको, भाचा आणि एक सपोर्टचा मुलगा. १ एप्रिल २०२० पासून आमच्यासारखं सॉफ्टवेअरसुद्धा कायद्याने वैद्यकीय उपकरण धरलं जातं. हॉटेलवाल्याला "चहा पाणचट होता" म्हटलं तर तो उद्या जादा पावडर टाकेल. आम्हाला "मोजताच येत नाही" म्हटलं की ज्या दोन हॉस्पिटलांशी बोलणी चालू आहेत, ती फोन उचलणं बंद करतात. त्यातल्या एकाने काल रात्रीच तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट मला पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. दोनच ठेवा, एक करा. फोन उचलला नाही, बटणं जास्त आहेत, बाणांची टिक सापडत नाही, हे सगळं राहू द्या. फक्त ते मोजमापाचं वाक्य, शनिवारी मी येऊन तुमच्यासमोर गोळा दोन्ही उंचींना ठेवून दाखवल्यावर, तुम्हाला पटलं तर बदला. ओपीडी संपल्यावर, चारनंतर येतो. नवीन टेक्निशियनला तेवढं थांबायला सांगा. येण्याचे पैसे नाहीत.

आपला,
मालक

ता. क.: गोळा हरवलाय असं तुमची सिस्टर म्हणाली. हरवलेला नाही. एक्स-रे रूममध्ये दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, 'आर' आणि 'एल'च्या शिशाच्या मार्करच्या डब्यात, गॉजमध्ये गुंडाळलेला आहे.