मूठ आवळून जे कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पूड कशी वाहते हे मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उन्हाळी इंटर्नशिपवर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही लिहिलंत, "पोट्टं दोन महिने नुसतं बेसन चाळून अन् नळी आपटून आलं. बेसन कुठं अडकते हे तं आमचा चक्कीवाला मूठ आवळून सांगते. याले संशोधन म्हणाचं का?" तुमची बेसनाची मिल हिंगणघाटकडची, म्हणजे रोज पिठाशी गाठ. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुठीची परीक्षा खरी आहे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर पूड चिकट, भुरभुरला तर मोकळी. पण हॉपरचं, म्हणजे पीठ खाली सोडणाऱ्या शंकूसारख्या टाकीचं, तोंड 15 सेंटिमीटर ठेवायचं की 35, हे मुठीतून निघत नाही. तोंडाशी पूड कमानीसारखी अडून धार बंद होते (यालाच कमान धरणं म्हणतात), माणूस हातोडा घेऊन चढतो, ते या आकड्यापायीच.

आधी नळी. 250 मिलिलिटरच्या मोजनळीत 100 ग्रॅम बेसन न दाबता ओतायचं. समजा ते 200 मिलिलिटरपर्यंत आलं आणि यंत्राने 1250 वेळा आपटल्यावर 140 वर बसलं. 200 मधले 60 गेले, म्हणजे 30 टक्के. हा कार निर्देशांक. 26 ते 31 म्हणजे वाहण्याच्या बाबतीत वाईट पूड. 500 आपटांनंतरचं आणि 1250 नंतरचं माप यांत 2 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक पडला, तर अजून आपटावं लागतं. पोरं इथे एक चूक हमखास करतात: आपटलेलंच बेसन हलवून पुन्हा भरतात. एकदा दबलेली पूड सहज मूळच्या सैलपणावर येत नाही, म्हणून दर वेळी ताजा नमुना हवा. आणि हा निर्देशांक दोन पुडींची तुलना करायला पुरतो, हॉपर बांधायला नाही. इंटर्नशिप इथेच थांबली असेल तर तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

खरं काम पुढे, कातर-पेटीवर. अँड्र्यू जेनिके यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातून ही पद्धत मांडली. एकावर एक दोन कड्या, त्यात पूड, वर झाकण आणि वजन. झाकण ठरावीक वेळा मागेपुढे पिळून पूड सारखी बसवायची, मग वरची कडी सरकवत न्यायची आणि लागणारं बल स्थिर झालं की थांबायचं. त्यानंतर वजन कमी करून पुन्हा सरकवायची; पूड तुटताना जो सर्वांत मोठा आकडा येतो तो टिपायचा. पहिल्या सरकवणीत बल चढतच राहिलं तर पूड कमी दाबलेली होती, शिखर गाठून पडलं तर जास्त. दोन्ही वेळा भरणी फेकून नव्याने सुरुवात. चार दाब, प्रत्येकावर चार बिंदू, प्रत्येक तीनदा: 48 भरण्या, आणि फेकलेल्या वेगळ्या. हे बाहेरून पाहणाऱ्याला पीठ खेळवल्यासारखंच दिसतं.

यातून निघते पुडीची मोकळी ताकद, म्हणजे दाबलेली पूड आधाराशिवाय किती भार पेलते. उदाहरणापुरतं धरा, तोंडाशी ही ताकद 600 पास्कल आणि घनता घनमीटरला 550 किलो. 600 ला 550 गुणिले 9.81 ने भागलं की 0.11 मीटर येतात. गोल तोंडासाठी त्याला साधारण 2.2 ने गुणायचं: जवळपास 25 सेंटिमीटर. त्याहून लहान तोंडावर कमान धरणार. ताकद 900 झाली की हेच तोंड 37 सेंटिमीटर लागतं.

आणि ताकद वाढते पावसाळ्यात. तुमचा प्रश्न इथे खरंच लागू पडतो, कारण इंटर्नशिप मे-जूनमध्ये असते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, ऑगस्टात त्याच्या कितीतरी पट. मेमध्ये मोजलेलं बेसन ऑगस्टातल्या हॉपरला लावलं तर गणित फसेल. शिवाय प्रयोगशाळेत कूलर चालू असला तर सकाळचा आणि दुपारचा आकडाही जुळत नाही. उपाय साधा आहे: बंद डेसिकेटरमध्ये, म्हणजे झाकणाच्या हवाबंद भांड्यात, तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण, वर ताटलीत बेसनाचा पातळ थर. आतली हवा 75 टक्के आर्द्रतेवर राहते. वजन वाढायचं थांबलं की मोजायला घ्यायचं. त्यापुढे ठेवू नये, बुरशी धरते. पोराने हे केलं होतं का, ते त्याच्या वहीत बघा. नमुन्यांसमोर आर्द्रता लिहिलेली नसेल तर ते आकडे तुमच्या मिलला कामाचे नाहीत.

चाळणीबद्दल थोडक्यात. कोरड्या हवेत बेसनाला स्थिर वीज चिकटते, 75 मायक्रॉनची जाळी बुजते आणि बारीक पूडही वरच राहून जाड ठरते. म्हणून पाच मिनिटं आणखी हलवून वजन बदलतं का हे पाहायचं. पहिल्या आठवड्यातलं अर्थिंग आणि धुळीचं प्रशिक्षणही वाया गेलेलं नाही. हवेत उडालेलं कोरडं बेसन ठिणगीने स्फोट करतं, म्हणून मिलमध्येही ते कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला तुमचंच बेसन न्यायला सांगा. पोत्याच्या वरचं नको. वाहतुकीत बारीक कण खाली झिरपतात. मशीन चालू असताना धारेखालून दर दहा मिनिटांनी भांडं आडवं पूर्ण धार कापत फिरवा, असं पाच किलो जमवून दुहेरी पॉलिथीनमध्ये बांधा, दळल्याची तारीख टाका. सोबत तुमच्या हॉपरच्या पत्र्याचा तुकडा द्या. भिंतीवरचं घर्षण त्यावर मोजतात, शंकूचा उतार त्यावरूनच ठरतो. तुकडा हॉपरच्या आतल्या बाजूइतकाच घासलेला किंवा गंजलेला असू द्या; नवा चकचकीत दिलात तर कोन चुकीचा निघेल.