पिमांच्या बरण्या

रॉड्रिग्स बेटावर चाललोय, हे शेजारच्या आजींना सांगायलाच नको होतं.

मी नोकरीनिमित्त मॉरिशसला राहतो. आजींचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आले. आजींचं मराठी आता आरतीपुरतं, बाकी सगळा कारभार क्रिओलमध्ये. त्या भाषेत लोणच्याला 'झसार' म्हणतात. म्हणजे आपलं अचारच, फ्रेंचांच्या तोंडून फिरून आलेलं.

"झसार आण," आजी म्हणाल्या. "आणि पिमां. छोट्या बरण्या. दोनच."

पिमां म्हणजे मिरची, आणि ही रॉड्रिग्सची. नखाएवढी असते आणि जीव घेते. आजींच्या दोन बरण्यांची बातमी जिन्यातून खाली उतरेपर्यंत त्यांच्या सात झाल्या होत्या.

रॉड्रिग्स हे मॉरिशसचंच बेट, पण पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून लांब. बोटीला एक दिवसाहून जास्त लागतो, विमानाला दीड तास. त्यामुळे १९६७ साली स्थापन झालेली एअर मॉरिशस ही सरकारी विमान कंपनी या मार्गावर, माझ्या मते, एसटीच आहे. फक्त पंखांची. विमानाच्या शेपटीवर लांब शेपटीचा पक्षी, म्हणजे शेपटीवर शेपटी. आणि आत लग्नाला निघालेली, दवाखान्याला निघालेली, परीक्षेला निघालेली माणसं.

परतीच्या रांगेत माझ्यापुढच्या काकांकडे वाळवलेला ऑक्टोपस होता. त्याच्या पुढच्या बाईंकडे मध, लिंबं आणि एक झोपलेलं मूल. त्यांचं सगळं वजनात बसलं. माझी बॅग काट्यावर चढली आणि साडेतीन किलो जास्त भरली.

काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "कमी करा." तिचं बरोबर होतं. छोट्या विमानात किलोकिलोचा हिशोब.

मग जे होतं ते झालं. मी जमिनीवर उकिडवा बसलो, बॅग उघडली आणि अख्ख्या रांगेला माझ्या बनियनांचं दर्शन घडलं. दोन शर्ट अंगात चढवले, त्यावर जीनचं जाकीट, खिशांत चार्जर, बूट आणि मोजे पायात. उन्हाळा होता. मागून कुणीतरी "कुराज!" म्हणालं, म्हणजे धीर धरा. बरण्या मात्र मी तशाच ठेवल्या, टॉवेलात गुंडाळून, अगदी शहाणपणाने. एकीचं झाकण नीट लावलं नव्हतं, हे मला प्लेझान्सच्या, म्हणजे मॉरिशसच्या विमानतळावरच्या, पट्ट्यावर बॅग आली तेव्हा वासावरून कळलं. माझ्या आधी ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळलं. तो शिंकला, मग मी शिंकलो, मग एक हवालदार.

टॉवेल चार वेळा धुतला. अजून तोंड पुसलं की डोळ्यांतून पाणी येतं.

आजींनी अर्धी बरणी उजेडात धरली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बरणीकडे पाहिलं.

"वाटेत खाल्लंस होय रे?"