कांद्याची पट्टी वाचा, संस्था कशी खिळखिळी होते ते कळेल

‘संस्था कमकुवत झाल्या’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर दिल्ली-मुंबई असते. न्यायालय, निवडणूक आयोग, रिझर्व्ह बँक. संस्था कशा घडतात आणि देशाची समृद्धी त्यावर कशी ठरते, या अभ्यासासाठी २०२४ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं. सोलापूरकराला हाच विषय समजून घ्यायचा असेल तर हैदराबाद रोडवरचं मार्केट यार्ड पुरे. आणि हातात एक पट्टी हवी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी हिशोबाची पावती.

फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने १० पिशव्या, ५१२ किलो कांदा आणला. भाव निघाला किलोला १ रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. देशभर गाजलं. व्यापाऱ्याचा परवाना १५ दिवसांसाठी स्थगित झाला आणि विषय तिथेच मिटला. माझं म्हणणं असं की त्या दिवशी सगळे चेककडे बघत राहिले. बघायला हवी होती ती पट्टी.

पट्टीत दोन तऱ्हेचे आकडे असतात. विक्रीची रक्कम भावावर चढते-उतरते. भाडं, हमाली, तोलाई मात्र पिशवीवर किंवा वजनावर ठरलेली असते, भाव काहीही असो. वरच्या हिशोबात पिशवीमागे खर्च ५१ रुपयांच्या आसपास बसला. भाव २० रुपये असता तर १०,२४० रुपयांतून हा खर्च ५ टक्के झाला असता. १ रुपया भावाला तो ९९ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे भाव पडला की हमालाची मजुरी सुटत नाही (सुटूही नये, त्याचंही पोट आहे), गाडीवाल्याचं भाडं सुटत नाही, पडझड सगळी एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर येते. अशा वेळी पट्टीतली एकेक ओळ खरी आहे की नाही हे तपासणारं कुणीतरी हवं. बाजार समिती त्यासाठीच जन्माला आली.

हे कुणी दिलेलं दान नव्हे. वऱ्हाडात कापसाच्या बाजाराला १८९७ साली कायदा आला. १९२८ साली शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, कारण खोटी वजनं, मनमानी कपात आणि लपवलेले भाव. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा, महाराष्ट्राचा १९६३ चा. कायदा चांगला आहे. उघड लिलाव, परवानाधारक तोलार, छापील पट्टी, २४ तासांत चुकारा (मालाचे पैसे), तक्रारीसाठी समिती, सगळं कागदावर आहे.

तरी गळतं कुठे? गाडी गेटमधून आत आल्यापासून बघू.

गेटवर आवकीची नोंद. ही नोंद पिशव्यांच्या आकड्यासह, शेतकऱ्याच्या नावाने व्हायला हवी. ती ढोबळ झाली की पुढचा कुठलाच आकडा कशाशी ताडून बघता येत नाही. मग लिलाव. लासलगावकडे ट्रॅक्टरमध्ये मोकळा कांदा विकतात आणि अख्खी गाडी भुईकाट्यावर, म्हणजे गाडी तोलायच्या मोठ्या काट्यावर, चढते. सोलापुरात माल पिशवीबंद येतो, म्हणून वजन पिशवी-पिशवीने होतं आणि गळतीच्या जागाही तितक्याच वाढतात. जाळीच्या पिशवीचं वजन काही ग्रॅम. ‘बारदाना’ (रिकामी पिशवी) किंवा ‘घट’ (तूट) म्हणून पिशवीमागे किलोभर कापला तर २०० पिशव्यांना २०० किलो. भाव १५ रुपये धरला तर ३,००० रुपये, आणि ते पट्टीवर कुठेच दिसत नाहीत, कारण वजनच कमी लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दर वर्षी पडताळणी आणि मुद्रा (तपासणीचा शिक्का) होणं सक्तीचं आहे. मुद्रा काट्यावरच असते. ती वाचायला मिनिटही लागत नाही.

त्यानंतर आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. त्या वेळी राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळला होता. बदल योग्यच होता. पण देखरेख ढिली असली की काढलेली कपात दुसऱ्या नावाने पट्टीत परत येते, नाहीतर भावातच मुरते. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण तिचा कागद राहत नाही.

शेतकरी तक्रार का करत नाही, हा प्रश्न शहरातले लोक नेहमी विचारतात. उत्तर बँकेत आहे. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचं संचालक मंडळ २०१८ मध्ये बरखास्त होऊन प्रशासक आला. थकीत कर्जांनी बँक आधीच वाकली होती. जिल्हा बँक आखडली की गावची पीककर्ज देणारी सोसायटी आखडते, आणि बियाणं-खताला पैसे लागतात तेव्हा माणूस आडत्याकडे उचल (आगाऊ पैसे) मागतो. उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर न्यायचा. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याच काट्याविरुद्ध अर्ज कोण देणार? एक संस्था मोडली की दुसऱ्या संस्थेतला हक्क कागदावरच राहतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि चर्चेत ती क्वचित येते.

भाव पटला नाही तर माल न विकण्याचा हक्क आहे. पण गाडीचं भाडं चालू असतं, आणि खरिपाचा लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत चार-पाच महिने टिकत नाही. म्हणून तो मिळेल त्या भावाला जातो.

वरून धोरणाचा घाव. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदीच, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्कासह, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. डिसेंबर म्हणजे सोलापूरच्या आवकेचा भर. नियम एका रात्रीत बदलणार असेल तर त्या नियमावर कुणी शीतगृह बांधत नाही, परदेशी ग्राहक जोडत नाही. गुंतवणूक का येत नाही, याचं उत्तर इथे आहे.

हक्क कागदावरच राहणं उसातही दिसतं. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, १४ दिवसांत दिली नाही तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे. मुद्दल उशिरा का होईना मिळतं. व्याजासाठी भांडावं लागतं.

कागदाची किंमत कधी कळते? २०२३ च्या भावपडीनंतर राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत अनुदान दिलं. अट होती विक्रीपट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. ज्याची पट्टी कच्च्या चिठ्ठीवर होती, ज्याची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) राहिली होती, तो अडकला. कांदा खरा, तोटा खरा, पण कागद नाही.

आता कारभार कुणाच्या हाती? समितीच्या १८ संचालकांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी १५, व्यापारी-आडते २, हमाल-तोलार १. बहुमत शेतकऱ्यांचंच दिसतं. पण या प्रतिनिधींना निवडून देतात सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. २०१७ च्या दुरुस्तीने १० गुंठे जमीन आणि बाजारात माल विकल्याची नोंद असलेल्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं, सोलापुरात २०१८ ची निवडणूक तशी झालीही. २०२० मध्ये तो हक्क काढला. खर्च जास्त होतो, हे कारण सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. ज्याचा माल तोलला जातो त्याला मत नसेल तर संचालकाने काट्याकडे बघायचं कशासाठी?

मग करायचं काय? शेतकऱ्याने पिशव्या मोजून गेटची पावती घ्यावी, वजनाला स्वतः उभं राहावं, दहा पिशव्यांचं वजन वहीत लिहावं, छापील पट्टीच मागावी आणि तिचा फोटो काढावा. कपातीची ओळ समजली नाही तर सही करण्याआधी विचारावं. तक्रार लेखी, सचिवांच्या आवक-जावक शिक्क्यासह. दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. एकटा गेला तर तो गाळा त्याच्यासाठी बंद होतो. म्हणून गावातल्या पाच-सात जणांच्या पट्ट्या एकत्र जोडून द्याव्यात.

समितीकडे तीनच मागण्या आहेत. मंजूर कपातींचा दरफलक प्रत्येक सेल हॉलमध्ये. गेटची आवक आणि पट्ट्यांवरचं एकूण वजन यांचा रोजचा ताळा, जाहीर. आणि हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबरमध्येच, यार्डातल्या प्रत्येक काट्याच्या मुद्रेची तपासणी, शेतकऱ्यांच्या समोर.