अळी कमी दिसली म्हणजे वाण प्रतिकारक का?

भाऊ, "धुऱ्यावर (बांधावर) चार झाडं लावायची, अळी कमी दिसली की वाण प्रतिकारक म्हणून मोकळं व्हायचं, ही दिशाभूल आहे. असली कामं विद्यापीठाची," असं तुम्ही, बुटका वाल अळीला प्रतिकारक आहे म्हणणाऱ्या माझ्या लेखावर लिहिलंत. वाचून मागच्या हंगामाची वही पुन्हा काढली. तुम्ही दाखवली त्याहून मोठी चूक तिथं सापडली.

झाडं कमी होती, हे खरंच. पण खरी गोम फुलोऱ्याच्या वेळेत आहे. आपला गावरान पोपट (बाकी महाराष्ट्राचा वाल) लवकर लावा की उशिरा, दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. बुटका वाण दिवसाच्या लांबीकडे पाहत नाही, दीड-दोन महिन्यांत फुलतो. मी दोन्ही एकाच दिवशी टोकले. बुटक्याची तोडणी आटोपली तेव्हा गावरान कुठं कळ्या धरत होता, आणि शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीचा जोर त्यानंतर चढला. तिचा पतंग कळ्या-फुलं, कोवळ्या शेंगा पाहून अंडी घालतो. म्हणजे बुटका वेळेमुळं वाचला. 'प्रतिकारक' हा शब्द मी मागे घेतो. मूळ लेखातही दुरुस्त केलाय.

पण विद्यापीठावर सोडून द्या, हे मला पटत नाही. धुऱ्यावरचं बियाणं घरोघरी गाडग्यात, राखेत ठेवलेलं आहे. ते शेजारी-शेजारी लावून आपणच पाहायला हवं, फक्त नीट पाहायला हवं.

यंदा बुटका सप्टेंबरात टोकणार, म्हणजे गावरानाबरोबर फुलेल. प्रत्येक वाण तीन ठिकाणी, जागा चिठ्ठ्या टाकून, फवारा अजिबात नाही. प्रत्येक ठिकाणच्या 100 शेंगा फोडून किडक्या किती ते मोजायचं.

तेवढ्यानंही भागत नाही. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 मध्येच प्रतिकाराचे तीन प्रकार वेगळे केले होते: किडीला झाड न आवडणं, खाऊनही तिचं पोषण न होणं, आणि नुकसान सोसून झाडानं पीक देणं. शेतातल्या मोजणीत हे सगळं मिसळतं. म्हणून डबे ठेवणार. एका डब्यात एकाच वाणाच्या ताज्या शेंगा आणि एकच अळी, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. कोष झाला की सोनाराच्या काट्यावर वजन. दुसरं काही खायला नसताना अळी पोसली, तर त्या शेंगेत अळीला मारक असं काही नाही, शेतात ती कितीही कमी दिसो.

तुमच्या घरचा गावरान असेल तर मूठभर बी द्याल का? त्याचीही चिठ्ठी टाकतो. आणि शेंगा मोजायच्या दिवशी तुम्हीच या, फोडताना समोर बसा.