‘एसीत बसून’: सॉल्टकेक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कागद कारखान्यात लगदा शिजवून उरलेलं काळं द्रावण, म्हणजे लिकर, ज्यात जाळतात त्या रिकव्हरी बॉयलरमधली राख आणि संगणकी मॉडेल यावरच्या माझ्या लेखाखाली ‘सॉल्टकेक’ यांनी लिहिलंय: “लेख ठीक, पण राख नळीला कशी चिकटते हे एसीत बसून मॉडेल चालवणाऱ्याला काय कळणार? आमच्याकडे बांबू चालतो, लिकरमधली सिलिका तुमच्या हिशेबात कुठाय? समतोलाच्या [रासायनिक संतुलनाच्या] गणितातून गंज किती मिलिमीटर झाला ते निघत नाही. आणि मोजलीत ती राख ईएसपीची [धुरातली राख पकडणाऱ्या विद्युत यंत्राची] की नळीवरची? सोडियम सल्फेटचा वितळणबिंदू तर सरळ चुकलाय.”

शेवटचं आधी. 884 अंश सेल्सिअसच्या जागी 848 पडलंय. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ‘एसीत बसून’. साहेब, टोपणनाव बघता (सॉल्टकेक म्हणजे सोडियम सल्फेटच) तुम्ही रिकव्हरीतलेच दिसता, म्हणून जास्त लागलं. मी 11 वर्षं पाळीत काढली आहेत. वितळलेला क्षार भट्टीबाहेर पडतो त्या स्पाउटवर लोखंडी सळई घेऊन उभं राहिलं की एसी कुठे असतो ते मला माहीत आहे. बॉयलर बँक (गरम वायू ज्यातून जातो तो नळ्यांचा जुडगा) राखेने चोक होत आली की काय होतं हेही पाहिलंय: धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा डँपर पूर्ण उघडा, तरी भट्टीतला दाब पॉझिटिव्ह, आणि दारांच्या फटींतून धूर बाहेर. मग शटडाउन. मग भट्टीच्या तळाचा बेड थंड व्हायची वाट, कारण तिथल्या वितळलेल्या क्षाराला, म्हणजे स्मेल्टला, पाणी लागलं तर स्फोट ठरलेला. त्यानंतर पाण्याने धुणं. दोन दिवाळ्या मी त्या धुण्यात घालवल्या. घरचे अजून काढतात.

आणि राहिला एसी. तो तर कंट्रोल रूममध्येही असतो. तुमच्या नाही?

मॉडेलकडे मी वळलो तो या धुण्याला कंटाळूनच. टोरंटो विद्यापीठात होंगी ट्रॅन यांच्या गटाने राखेच्या चिकटपणावर प्रयोग केले, फिनलंडच्या ऑबो अकादमीत राखेच्या क्षारांचं उष्मागतिकी गणित बसवलं गेलं. ही माणसं काय वाऱ्यावर लिहीत होती? ढोबळमानाने राखेचा 15 टक्के भाग द्रव झाला की ती चिकटते. 70 टक्क्यांच्या पुढे ती इतकी पातळ होते की ओघळून जाते आणि थर वाढत नाही. या दोन तापमानांच्या मधला पट्टा धोक्याचा. शुद्ध सोडियम सल्फेट 884 अंशांना वितळतं, साधं मीठ 801 ला, पण क्लोराइड आणि पोटॅशियम घुसले की मिश्रण त्याच्या कितीतरी आधी पाघळायला लागतं. नेमकं कुठे, हे बोटांवर मोजून सांगता येत असेल तर सांगा, मी मॉडेल बंद करतो.

एका कारखान्यात आम्ही हेच केलं. ईएसपीची राख लिकरच्या मिक्स टँकमध्ये परत जायची, त्यामुळे क्लोराइड फिरून फिरून साठत होतं. गणित म्हणालं, बँकेच्या तोंडाशी येणारा वायू चिकट पट्ट्यात आहे. थोडी राख बाहेर काढायला लावली. त्यानंतर दोन धुण्यांमधलं अंतर जवळपास दुप्पट झालं. त्याच सुमारास लिकरचं फायरिंगही कमी केलं होतं, हे खरं. पण मग श्रेय सगळं फायरिंगलाच द्यायचं का? वरिष्ठांनी तेच केलं, तो भाग वेगळा.

सिलिकाचा त्रास मुख्यतः लिकर आटवणाऱ्या इव्हापोरेटरचा आणि चुन्याच्या विभागाचा, माझा लेख बॉयलरवर होता. गंजाचे मिलिमीटर समतोलातून निघत नाहीत, हे मी कुठे नाकारलंय? नळीची जाडी अल्ट्रासोनिकनेच मोजावी लागते, ते लहान पोरही सांगेल. राख कुठली, याचं उत्तर: ईएसपीची. बंकरमधून घेता येते म्हणून. नळीवरची राख चालू बॉयलरमधून तुम्ही काढून आणत असाल तर तुम्हाला साष्टांग नमस्कार. धुराच्या बारीक कणांत क्लोराइड-पोटॅशियम जास्त साठतात, भट्टीतून उडालेल्या लिकरच्या थेंबांत, म्हणजे कॅरीओव्हरमध्ये, कमी, हा फरक मला ठाऊक आहे. त्यावर कधीतरी लिहीन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. फक्त पुढच्या वेळी ‘काय कळणार’ या शब्दांच्या आधी एकदा विचारा, की अहो, तुम्ही पाळीत किती वर्षं होता.