घर सांभाळून होईल असं काहीतरी

"शीक की, कोण नाही म्हणतंय? फक्त घर सांभाळून होईल असं काहीतरी बघ."

हे वाक्य मला कमीत कमी पंधरा जणांनी ऐकवलं असेल. २०२३ चा उन्हाळा होता. मी एकोणचाळीस वर्षांची, मुलगी आठवीत जाणारी, मुलगा चौथीत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री आमरस वाढता वाढता मी बोलून गेले की मला परत कॉलेजात जायचंय. सहज बोलल्यासारखं दाखवलं, पण दोन महिने मनात घोळवलं होतं. २००४ साली बी.कॉम. झाले, सात वर्षं एका सीएच्या ऑफिसात काढली, मग मुलं झाली आणि मी घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, तर घरीच बसून तीन दुकानांची खाती लिहिली, रिटर्न भरले. त्याला कोणी नोकरी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस. सासूबाई म्हणाल्या बी.एड. कर, सुट्ट्या मुलांबरोबर मिळतात. नणंद म्हणाली डिस्टन्सनं सायकॉलॉजीत एम.ए. कर, हल्ली काउन्सेलरना मागणी आहे. शेजारच्या गुजराती बेननी नर्सरी टीचरच्या कोर्सचं पत्रक आणून दिलं. सगळं प्रेमापोटी. आणि सगळ्यांच्या यादीत एक गोष्ट समान होती: यातलं काहीही केलं तरी आमच्या घराचं घड्याळ पाच मिनिटंही पुढेमागे होणार नव्हतं.

मला त्याच वेळी शंका आली. जी पदवी घराला कळूही न देता पदरात पडते, ती बाहेरच्या जगाला तरी कशी कळणार?

बी.एड.चंच बघा. लोकांना अजून वाटतं की ते वर्षभराचं, बायकांच्या सोयीचं प्रकरण आहे. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे. नियमाप्रमाणे वर्गात ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के, आणि शाळेत काढायचे आठवडे सगळे मिळून वीस. हे घर सांभाळून कसं होतं, असं मी एका कॉलेजच्या माणसाला फोनवर विचारलं (कॉलेजचं नाव घेत नाही, गाव तर नाहीच नाही). तो म्हणाला, "बेन, हाजरीनी चिंता ना करशो, परीक्षा आपवा आवजो." म्हणजे फी भरा, वर्गात येऊ नका, कागद घेऊन जा. घर सांभाळून होणारं बी.एड. ते हेच. अशी शिकलेली बाई उद्या चाळीस मुलांपुढे उभी राहिली की काय होतं, ते माझ्या मुलाच्या दुसरीच्या वर्षी मी पाहिलंय. नीट केलेलं बी.एड. उत्तम, माझ्या दोन मावश्या त्यावर निवृत्त झाल्या. पण नीट करायचं तर तेही घर हलवूनच करावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

सायकॉलॉजीचा मोह मला खरंच झाला होता. फॉर्म भरायचा राहिला तो केवळ आळसानं. आता वाटतं बरं झालं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मानसशास्त्र, पोषणशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला बंदी केली. ज्या कामात समोर जिवंत माणूस बसणार आहे, ते पोस्टानं आलेल्या पुस्तकांवर शिकता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतला.

मग मी उलट्या टोकानं विचार सुरू केला. तीन वर्षांनी मी बेचाळीसची असेन. तेव्हा कोणतं दार माझ्यासाठी उघडं असेल? सरकारी नोकरीच्या जाहिरातीत वयाची अट वाचली की पुढचं वाचायची गरजच उरत नाही. खाजगी शाळांना आणि कंपन्यांना पंचवीसची मुलगी स्वस्तात मिळते. माझ्याकडे काय होतं? खातेवह्या, जीएसटीच्या नोटिसांना दिलेली उत्तरं, आणि सासऱ्यांच्या वाड्याच्या खटल्याची ती भलीमोठी फाइल. त्यात आजेसासऱ्यांच्या हातचे मोडीतले दोन कागद आहेत, जे आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत. ती फाइल घेऊन दर तारखेला वकिलाच्या ऑफिसात कोण जात होतं? मीच. पूर्वी न्यायमंदिरात, २०१८ पासून दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात. वकील साहेब शेवटी शेवटी मलाच विचारायचे, "बेन, गेल्या तारखेला काय झालेलं?"

तर मी एलएल.बी. घेतलं. पदवीनंतरचं तीन वर्षांचं. वकिलीत निवृत्तीचं वय नाही. कधी काळी बार कौन्सिलनं, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेनं, पंचेचाळीसच्या पुढच्यांना वकिलीची सनद न देण्याचा नियम केला होता, तो सुप्रीम कोर्टानं १९९५ साली रद्द केला. हा निकाल मी प्रवेश घेण्याआधी शोधून वाचला. माझ्या वकिलीच्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली म्हणा ना.

आणि हो, कायद्याची पदवी डिस्टन्सनं मिळत नाही. ७० टक्के हजेरी लागते. हे घरी सांगितल्यावर जी शांतता पसरली, ती मला अजून ऐकू येते.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या कारकुनानं माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, "छोकराने साथे नथी लाव्या?" (मुलाला बरोबर नाही आणलं?) वर्गात पहिले दोन दिवस मी आंटी होते, तिसऱ्या दिवशी दीदी झाले, आणि नोट्स पूर्ण असतात हे कळल्यावर एकदम लाडकी झाले. कॉन्ट्रॅक्ट शिकवणारे सर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

तास सकाळी आठ ते दीड. म्हणजे सात वाजता मी घराबाहेर. आता खरी गोष्ट.

पहिल्या महिन्यात घर अक्षरशः कोलमडलं. पोळ्यांना बाई लावली, तर ती आठला येणार आणि मुलाची रिक्षा पावणेआठला. ह्यांना मकरपुऱ्याला नऊला पोचायचं असतं. त्यांनी मला भर लेक्चरमध्ये मेसेज केला, "तीन शिट्ट्या म्हणजे अंदाजे किती मिनिटं?" मुलानं एक अख्खा आठवडा डब्यात खाकरा नेला. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दोनदा चुकल्या. पाहुणे आले की सासूबाई मला हळूच म्हणायच्या, "कॉलेजचं त्यांना सांगू नकोस, उगाच विचारत बसतात." मग सहामाहीत मुलाचे गणिताचे मार्क घसरले आणि पालक सभेत बाई गोड हसून म्हणाल्या, "हं, मम्मी कॉलेज जाय छे ने!"

त्या रात्री मी रडले. सोडून द्यावं असं ठरवलंही होतं. पहाटे उठून चहा टाकताना एकदम डोक्यात आलं की ह्या माणसानं बी.ई. केलंय. चौथीचं गणित त्यालाही येतं. नऊ वर्षांत त्याला ते कोणी विचारलंच नव्हतं, आणि नाही विचारलं त्यात मीही होतेच.

गणित बाबांकडे गेलं. मार्क वाढले, पण लगेच नाही, पुढच्या वर्षी. मुलगी वरण-भाताचा कुकर लावायला शिकली, तिच्या मागोमाग मुलगाही शिकला, आणि तो जास्त चांगला लावतो. माझ्या परीक्षेच्या दिवसांत रात्री शेव-उसळ बाहेरून येते, त्याची सगळी वाट बघतात. देव्हारा कधी कधी दुपारपर्यंत पारोसा राहतो. यावर आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही अजून कायम आहेत.

परवा मुलांना घेऊन कमाटी बागेत बाबासाहेबांच्या संकल्प भूमीला गेले होते. बाबासाहेबांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेव्हा त्यांचा मुलगा यशवंत तान्हा होता. १९१७ मध्ये इथे नोकरीला आले, तर जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. ते सगळं आपल्याला पाठ असतं. मला यावेळी वेगळंच दिसलं. लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. मुंबईत सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली तो बाप झालेला माणूस परत विद्यार्थी झाला, बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. मिळवून आला. त्यांना कोणी म्हणालं असेल का, घर सांभाळून होईल असं काहीतरी बघा? घर रमाबाई सांभाळत होत्या, मुंबईत, ओढगस्तीत. एवढ्या मोठ्या माणसाशी कोणी स्वतःची तुलना करू नये, मी करतही नाही. मी फक्त रमाबाईंच्या जागी आमच्या घरात कोण आहे ते मोजत होते. उत्तर आलं: थोडे हे, थोड्या सासूबाई, थोडी मुलं, आणि आठ वाजता येणारी पोळ्यांची बाई. सगळ्यांत वाटलं तर जमतं.

वयाचा एक फायदा मात्र फुकटात झाला. मी पहिलं वर्ष संपवून बाहेर पडते तोच १ जुलै २०२४ ला जुन्या पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता हा गुन्ह्यांचा नवा कायदा लागू झाला. पीनल कोडची ५११ कलमं गेली, ३५८ आली. चारसोबीस आता ३१८ मध्ये आहे, खुनाचं तीनशेदोन १०३ झालं. वर्गातली बाविशीतली मुलं, शिकवणारे सर आणि मी, सगळे एका दिवसात सारखेच कोरे झालो. पाठांतरात मी मागे आहे, पण त्यांच्याकडे वाड्याचा खटला नाही.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल. सनदेची नोंदणी फी कायद्यानं ७५० रुपये आहे. राज्यांच्या बार कौन्सिलांनी त्याहून जास्त घेऊ नये असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये बजावलं. पुढे ऑल इंडिया बार एक्झाम असते. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्युनियर वकिलाच्या हातात जे पडतं त्यावर घर चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात ज्युनियरला महिना निदान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, सक्ती केलेली नाही. माझ्या हातात तीन दुकानांची खाती आहेत आणि ह्यांचा पगार आहे म्हणून मी हे करू शकते. जिला पुढच्या वर्षी पगार हवाच आहे, तिला मी एलएल.बी. कर म्हणणार नाही.

आणि डिस्टन्सला नावं ठेवतेय असंही समजू नका. मांजलपूरची माझी एक मैत्रीण शाळेच्या ऑफिसात आहे, बारावी झालेली. तिचं प्रमोशन फक्त पदवीच्या कागदावर अडलंय. तिला मीच इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, फॉर्म भरायला लावला. बी.ए.ला किमान तीन वर्षं, हवी तर सहापर्यंत घ्या, परीक्षा जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये, आणि मान्यताप्राप्त संस्थेची डिस्टन्स पदवी यूजीसीच्या लेखी नेहमीच्या पदवीइतकीच. तिचं दार आधीच अर्धं उघडं आहे, तिला फक्त किल्ली हवी होती. तरी मी तिला बजावलं की असाइनमेंट रात्री अकरानंतर, सगळं आवरून लिहायला बसू नकोस. संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बस. जेवायला उशीर होऊ दे.

यंदा मुलीची दहावी आणि माझं शेवटचं वर्ष एकदम आलं. एकाच टेबलावर दोघी. तिचे पेपर संपले, माझे सोमवारपासून आहेत, त्यामुळे दोन आठवडे मोबाईल बंद असेल. फारच काम असेल तर घरच्या नंबरावर करा. सासूबाई उचलतील आणि सांगतील, "ती कॉलेजात गेलीय, दीडनंतर करा." पहिल्या वर्षी त्या सांगायच्या, बाजारात गेलीय.